तेरा घरांच्या वाडीत, बेचाळीस गोळ्या घेऊन

ताईचं पत्र आलं, त्यातल्या पहिल्या बारा ओळी गवताबद्दल होत्या. गवत यंदा चांगलं मिळालंय, घर शाकारायचंय, तुला ईस्टरची सुट्टी असेलच, शाळेत नाहीतरी तू फारसं काही करत नाहीस, तेव्हा इकडे येऊन पेंढ्या वर फेकायचं काम कर. तेरावी ओळ कागदाच्या कडेला, उभी, बारीक अक्षरात लिहिलेली होती : ‘मला पौषापासून तिजारीचा ताप येतो. कोयनेल मिळालं तर आण.’

माझी थोरली बहीण अशीच लिहिते. तिच्या लग्नाची बातमीही आम्हाला आंब्याच्या लोणच्याच्या पत्रात कळली होती.

कोयनेल, म्हणजे क्विनाइन, मिळणं युद्धाच्या त्या चौथ्या वर्षी सोपं नव्हतं. ते जिथं पिकतं ती बेटं जपान्यांनी घेतलेली, आणि जे उरलं होतं ते पलटणींना जात होतं. नगरच्या छावणीत माझी ओळख नव्हती. दवाखान्यातल्या एका कंपौंडरशी होती. त्याच्या मुलाला वर्षभर इंग्रजी व्याकरण फुकट शिकवण्याच्या बोलीवर त्याने मला बेचाळीस गोळ्या दिल्या. (त्या मुलाला मी ओळखतो. सौदा मलाच महाग पडला.) देताना त्याने बजावलं, “एका माणसाला रोज सहा, सात दिवस. मध्ये सोडायच्या नाहीत. अर्धवट घेतल्या तर न घेतल्यासारख्याच.” मी बाटली खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात, खोकं धोतरात आणि धोतर पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि निघालो.

त्या बाजूला कुणाला जायचं असेल, तर वाट अशी. नगरहून राहुरी, कोल्हारवरून संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर, आणि राजूरपासून पुढं स्वतःचे पाय. पेट्रोल नसल्यामुळे मोटारी कोळशावर चालतात. मागं बंबासारखं एक पिंप असतं, त्यात कोळसा पेटवून क्लीनर अर्धा तास पंखा फिरवतो, मग गाडीला खोकला येतो आणि उतारू आनंदाने एकमेकांकडे बघतात. पांढरे कपडे घालू नयेत. कोल्हारला गुळाचा चहा मिळतो, तो प्यावा; संगमनेरला साखरेचा म्हणून जो मिळतो तोही गुळाचाच असतो.

अकोल्याच्या पुढं विठ्याच्या घाटात गाडी थांबली. ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, “उतरा मंडळी. चढ आला.”

“भाडं तर राजूरपर्यंतचं घेतलंस,” मी म्हणालो.

“भाडं बसायचं हाय, मास्तर. ढकलायचं आमी कुनाकडनं काय घेत न्हाई.”

माझ्या शेजारी कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी उतरेना. “माजं वझं ते किती,” ती म्हणाली, “आन ही कोंबडी तर निम्मी उडतीच.” तिला आणि कोंबडीला आत ठेवून आम्ही अकरा जणांनी गाडी घाटावर नेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या. परवापरवापर्यंत तिथं रान होतं. ते रान जाळूनच आमची गाडी रान बघायला चालली होती, आणि तरी तिला वर ढकलावं लागत होतं. या देशाच्या प्रगतीबद्दल मला एवढ्या थोडक्यात कुणी समजावलं नव्हतं.

राजूरला मला न्यायला सोमा आला होता. सोमा हा ताईच्या वाडीचा कारभारी; पन्नाशीचा, बारका, कमरेला कोयता, डोक्याला मळकं फडकं. त्याने वळकटी डोक्यावर घेतली, पण पेटी मी दिली नाही. तीन कोसांची चढाची वाट, ऊन सरत आलेलं, पळसाची फुलं गळून गेलेली. कोसभर गेल्यावर तो म्हणाला, “पेटीत काय हाय वो? लेकरावानी धरलीया.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस शिक्षक असला आणि वर साप्ताहिकात विनोदी लेख लिहीत असला, की त्याला श्रोता मिळाल्यावर गप्प बसणं जमत नाही. मी जपान्यांपासून सुरुवात केली. बेटं, पलटणी, कंपौंडर, त्याचा मठ्ठ मुलगा, सगळं सांगितलं. तापावर याच्यासारखं दुसरं औषध जगात नाही, हेही सांगितलं. सोमा दोनदा खळखळून हसला. मग म्हणाला, “तापाचं औशद. ब्येस झालं. वाडीत लई ताप हाय.”

मला वाटलं, तो हवामानाबद्दल बोलतोय.

ताईचं घर वाडीच्या वरच्या अंगाला, रानाला चिकटून आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीने लिंपलेल्या; वर गवताचं छप्पर; मागं ओढा. तिचे यजमान, आमचे दाजी, बारा वर्षांपूर्वी मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून इथं आले. पुढं पैशाअभावी शाळा बंद झाली, पगार थांबला, परत बोलावणं आलं. दाजी गेले नाहीत. जंगलखात्याकडून एकसाली जमिनीचा तुकडा घेतला, त्यात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, करू लागले, आणि ओसरीवर शाळा चालूच ठेवली. बारा वर्षांत त्यांनी वाडीतल्या एकाही माणसाला ख्रिस्ती केलं नाही. वाडीने मात्र त्यांना पुरतं वाडीतलं करून टाकलं.

ताई दारात उभी होती. मी तिला तीन वर्षांनी पाहत होतो. रंग हळदीच्या पाण्यासारखा, गालांची हाडं वर आलेली. “काय रे, पोट सुटलंय तुझं,” ती म्हणाली. “सगळ्या जगाला धान्य कमी पडतंय ते तूच खातोस वाटतं?” मी पाया पडायला वाकलो तेव्हा तिचे सुजलेले घोटे दिसले. तिच्यावर हसण्यासारखं मला काहीच सुचलं नाही, आणि असं माझं सहसा होत नाही.

बाटली मी लगेच तिच्या हातात दिली, कंपौंडरचं सगळं बजावणंही सांगितलं. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि दिव्याच्या कोनाड्यात ठेवली. “उद्या बघू,” म्हणाली.

आता इथल्या वसंताबद्दल लिहिलं पाहिजे, कारण तो मी मनापासून उपभोगला, आणि हे कबूल करताना आज जीभ अडखळते.

पहाटे ताई मला उठवून मोहाखाली न्यायची. झाडाखालची जमीन तिने आधीच पाला जाळून, झाडून अंगणासारखी स्वच्छ केलेली. रात्रभर फुलं पडत, पिवळट, रसरशीत. ओणवं होऊन वेचायची, टोपली भरायची, येताजाता तोंडात टाकायची. हंगाम संपत आला होता, झाड हातचं राखून देत होतं. मग परत येऊन नागलीची पेज. मग खळ्यावर हिरडे वाळत घालायचे. मग मी ओढ्याच्या डोहात गळ्यापर्यंत बसायचो, आणि नगरच्या नळाच्या रांगेतल्या समस्त बांधवांची मला मनापासून कीव यायची. जेवणाला भाकरी आणि कच्च्या करवंदांची चटणी. दाजी ती खाताना दर वेळी एक डोळा मिटतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही राब भाजला. भातरोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर देऊन ते जाळतात, म्हणजे जमीन भाजून निघते. मी काडी ओढून वाऱ्याच्या बाजूने लावायला गेलो, तर ताईने माझा हात धरला. “अरे येड्या, तिकडून लावलास तर भडका उडेल आणि जमीन थंडच राहील. वारा जातो त्या टोकाला लाव. विस्तव हळूहळू मागं सरकत गेला पाहिजे.” तसंच झालं. विस्तव बोटभर उंचीने, वाऱ्याला सामोरा, संध्याकाळपर्यंत सरकत राहिला. आम्ही तिघं हिरव्या डहाळ्या घेऊन कडेला बसलो. इतका सुखाचा, इतका निरुद्योगी उद्योग मी आयुष्यात केला नाही.

आणि त्या दिवशीही बाटली कोनाड्यातच होती.

तिसरा दिवस तिजारीचा. सकाळी ताई सारवत होती. दुपार चढली तशी तिने हात धुतले, घोंगड्या स्वतःच काढल्या, आणि पाहुणा यायची वेळ झाल्यासारखी आडवी झाली. मग थंडी. बाहेर दगड तापलेले, आत ही बाई तीन घोंगड्यांखाली दात वाजवत होती, आणि घोंगड्यांखालूनच हुकूम सुटत होते, “हिरडे हलवा. कोंबड्या... कोंबड्या खळ्यावर आल्यात.” दाजींनी तिच्या डाव्या कुशीवर माझा हात ठेवला. पाणथरी, म्हणजे प्लीहा, दगडासारखी लागली.

“गोळ्या का नाही घेत ती?” मी बाहेर येऊन दाजींना विचारलं.

दाजी कोंबड्या हाकलत म्हणाले, “अजून वाटे पडले नाहीत.”

वाडीची रीत मला त्या दिवशी कळली. रानातून किंवा बाहेरून जे काही येईल, ससा असो, मध असो, बाजारातून उधारीने आणलेला गूळ असो, ते सोमाच्या अंगणात मांडायचं आणि प्रत्येक घराचा सारखा वाटा करायचा. शिकार आणणाऱ्याला जास्तीचा एक वाटा. घरात माणसं किती, कोण भुकेलं, कोण अजीर्णाने पडलंय, हे बघायचं नाही. आदल्याच दिवशी पळसाच्या पानावर मधाचा वाटा आमच्याकडे आला होता, आणि मी तो बोटाने चाटून पुसून खाल्ला होता. तेव्हा ही रीत मला फार हृद्य वाटली होती.

“पण औषधाचे वाटे?” मी म्हणालो. “दाजी, तुम्ही शिकलेले आहात!”

“मी आहे,” दाजी म्हणाले. “पण वाडीला ठाऊक झालंय. सोमाला सांगितलं कुणी?”

मी हिरडे हलवायला गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी ताई उठली, पेज केली, वेणी घातली. छप्पर शाकारायला सगळी वाडी यायची होती. सोमा आधी आला आणि ओसरीवर टेकून म्हणाला, “मास्तरीनबाई, गोळ्याचं वाटं करून टाकू, मंग वर चढू.”

ताईने बाटली घेतली. मीही मागोमाग निघालो, आणि सोमाच्या अंगणात तेरा घरांच्या माणसांसमोर माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट भाषण केलं. या गोळ्या बेचाळीस आहेत, एका माणसाच्या आहेत. वाटल्या तर घराला तीन-तीन येतील, तीन गोळ्यांनी उंदराचाही ताप जात नाही. सगळ्यांना थोडं म्हणजे कुणालाच काही नाही. उदाहरणं दिली. एक बैल तेरा घरांत कापून वाटला तर नांगरट कोण करणार, असंही म्हणालो. लोक लक्ष देऊन ऐकत होते. बायकांच्या घोळक्यात सोमाची सून बसली होती, मांडीवर पोर, पोराचे डोळे अर्धे मिटलेले. तिच्याकडे मी बघायचं टाळलं.

सोमा म्हणाला, “म्हंजी एकालाच द्याच्या.”

“एकालाच.”

“मंग नाव घ्या. आनल्या तुमी. तुमी सांगाल त्याला दिऊ.”

मी म्हणालो, “ताईला.”

मला वाटलं होतं, कुरबूर होईल. निदान कुणीतरी तोंड वाकडं करील. मग मला भांडता आलं असतं, भांडणात मी बरा आहे. पण सोमा लगेच म्हणाला, “बराबर हाय. मास्तरीनबाईला द्या.” कुणीतरी मागून म्हणालं, “व्हय व्हय, त्यास्नीच द्या. लई वाळल्या.” सोमाच्या सुनेनेसुद्धा मान हलवली आणि पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

ताईने ते सगळं पाहिलं. मग ती खाली बसली, पदर पसरला, त्यावर बाटली रिकामी केली आणि वाटे घालू लागली. तीन, तीन, तीन. चौदा वाटे झाले : तेरा घरांचे आणि एक आणणाऱ्याचा.

“ताई, मूर्खपणा करू नकोस,” मी दात खाऊन म्हणालो.

“गप रे,” ती म्हणाली. “तुझ्या दाजींना छातीचा ताप आला त्या साली महिनाभर आमच्या घरात दाणा नव्हता. वाडीकडेही नव्हता. तरी बारा घरांतून वाटा आला, रोज. मूठमूठ. कुणाचंच पोट भरलं नाही त्या महिन्यात. त्या वेळी यातलं कुणी म्हणालं असतं ना, की थोडं थोडं म्हणजे कुणालाच काही नाही, तर तू आज बहिणीकडं कशाला आला असतास?”

“ती भाकरी होती. हे औषध आहे.”

“असेल. मला तेवढं कळत नाही,” ती म्हणाली. तिला चांगलं कळत होतं. दाजींच्या ओसरीवर बेरीज-भागाकार तीच शिकवायची.

माझा वाटा मी तिच्या वाट्यात घातला. सहा झाल्या. एका दिवसाच्या. लोक पानांत गोळ्या बांधून घेऊन गेले आणि पाच मिनिटांत गवत घेऊन आले, कारण छप्पर शाकारायचं होतं.

ते शाकारणंसुद्धा फार सुंदर झालं, काय सांगू. सोमा आणि दोघे वर, मी खालून पेंढ्या फेकतोय, निम्म्या चुकतायत, वरून टोमणे येतायत : “मास्तर, छप्पर वर हाय! ते खाली हाय ती जमीन!” ताई ताक वाटत फिरत होती. जुनं, काळं पडलेलं गवत खाली आलं, नवं पिवळं वर चढलं, तिसऱ्या प्रहरी घर मुंज झालेल्या मुलासारखं दिसायला लागलं. मी रागाने इतका भरलो होतो, की माझ्या पेंढ्या शेवटी शेवटी बरोबर पोचू लागल्या.

ईस्टरच्या रविवारी दाजींनी ओसरीवर शास्त्रपाठ वाचला, वाडीने येऊन गूळ-खोबरं खाल्लं. सोमवारी मी निघालो. ताई ओढ्यापर्यंत आली. मी म्हणालो, नगरला चल, माझ्याकडे राहा, दवाखाना आहे. ती म्हणाली, “पेरणी कोण करील? पावसाळा सरला की येते.” मी म्हणालो, मी आणखी गोळ्या मिळवतो. ती म्हणाली, “मिळाल्या तर सोमाला सांगू नकोस,” आणि हसली. त्या दिवशी तिचा तापाचा दिवस नव्हता. परतीला घाटात उतार असल्यामुळे मोटार ढकलावी लागली नाही.

नगरला आल्यावर लोकांनी विचारलं, हवा कशी आहे? हवा उत्तम आहे, मी म्हणालो. कंपौंडरकडे सात खेपा घातल्या. त्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला होता, पण त्याने मला नाही म्हणण्याचं कारण ते नव्हतं, गोळ्याच नव्हत्या. मग मी बसलो आणि त्या वाट्यांवर एक लेख लिहिला. बोचरा, मला वाटतं माझा सर्वांत चांगला. संपादक पोट धरधरून हसले. तो छापायच्या आत दाजींचं पत्र आलं.

त्यात गवताबद्दल काही नव्हतं. ताई आषाढात गेली. माझं भाषण वाडीने माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं, असं दाजींनी लिहिलं होतं. तीनने काही होत नाही म्हणून सात घरांनी आपले वाटे खाल्लेच नव्हते, आढ्याला बांधून ठेवले होते. ज्येष्ठात ताई अंथरुणाला खिळली, तेव्हा ती सात घरं आपापली पानं घेऊन आली. एकवीस गोळ्या. उरलेल्या पाच घरांनी खाऊन टाकल्या होत्या. ती माणसं दारात उभी राहून रडली. सोमाच्या सुनेने आपल्या तीन त्या चौथ्या दिवशीच पोराला चारल्या होत्या. पोरगं तरीही वाचलं नाही. एकवीस गोळ्यांनी ताईचा ताप आठ दिवस थांबला. त्या आठ दिवसांत तिने भाताची लावणी केली. नवव्या दिवशी ताप परत आला तो गेला नाही.

संपादकांकडून मी तो लेख मागून आणला.

दिवाळीनंतर एका सकाळी सोमा माझ्या दारात उभा राहिला. संगमनेरपर्यंत चालत आला होता, पुढं मोटारीने. डोक्यावर पोतं. आत येऊन भिंतीला टेकून बसला, चहा बशीत ओतून प्याला. मग पोत्याकडे बोट करून म्हणाला, “मास्तरीनबाईच्या वावरातली नागली. गेलेल्या बाईचा पयल्या पिकाचा वाटा म्हायेराला जातो. आमच्यात तसं हाय.”

माझ्या बायकोने पोतं उघडून पाहिलं. अर्धा मण तरी असेल. सोमाने बाहेर गल्लीकडे नजर टाकली.

“लई घरं हायेत की तुमच्याकडं. किती वाटं करावं लागत्याल?”

मी म्हणालो, “आमच्यात वाटे करत नाहीत, सोमा.”

त्याला खरंच कळलं नव्हतं. टोमणा मारण्याची कला त्याला फक्त छपरावर येते.

“मंग एवढं सगळं,” त्याने विचारलं, “तुमी एकलंच खानार?”